रोखा आणि वहिवाट : पुणें जिल्ह्यांतील दोन गाऱ्हाणीं (इ. स. १८७०–१८९१)

जुन्या कागदांचा संग्रह करणारांत सनदा, वतनपत्रें, महजर, करीने व राजकीय पत्रव्यवहार यांस जो मान आहे तो कर्जरोख्यांस नाहीं. एखाद्या घराण्याची पेटी उघडली म्हणजे शिक्क्याचा कागद प्रथम बाजूस निघतो, आणि गहाणखतें, फारखत्या, देण्याघेण्याच्या वह्या व कोर्टाचे हुकूमनामे यांचा गठ्ठा तळाशींच राहतो. पुष्कळदां तो तसाच रद्दीच्या तराजूंत जातो. हवेली तालुक्यांतील रहाटणी, थेरगांव, पिंपळें सौदागर हीं पवनेच्या खोऱ्यांतील गांवें घ्या. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि रहाटणी आज तिच्या हद्दींत आहे. ज्वारी-बाजरीचीं शेतें गेलीं, त्यांच्या जागीं इमारती आल्या, जुनीं घरें पडलीं. घर पडलें म्हणजे पेटी हलते, आणि पेटी हलली म्हणजे तळचा गठ्ठा प्रथम जातो.

या तळच्या गठ्ठ्याविषयींच चार शब्द लिहिण्याचा आमचा उद्देश आहे. इ. स. १८७० पासून पुढें वीस वर्षें पुणें शहरांतील व जिल्ह्यांतील लहान व्यापारी, कास्तकार, वकील व पेढीवाले यांनीं सरकारदरबारीं जीं गाऱ्हाणीं नेलीं त्यांत दोन मुख्य होतीं : कर्ज न्याय्य दरानें व न्याय्य रीतीनें मिळावें हें एक, आणि डोंगर, झाडी, गायरान व पाणी यांचें रक्षण गांवाला बाहेर ठेवून न होतां गांवाच्या हातून व्हावें हें दुसरें. इतिहासलेखक हीं दोन गाऱ्हाणीं निरनिराळ्या प्रकरणांत घालतात. आमच्या मतें त्यांचें मूळ एक आहे. कर्जाच्या बाबतींत कागद होता पण तो खरें सांगत नव्हता. जंगलाच्या बाबतींत हक्क खरा होता पण त्यास कागद नव्हता. दोहोंकडे नुकसान झालें तें एकाच माणसाचें.

प्रथम रोख्याकडे वळूं. अव्वल इंग्रजींतील कर्जरोखा वाचतांना नवशिक्या संग्राहकाची हमखास चूक होते ती ही, कीं रोख्यांत लिहिलेली मुद्दल म्हणजे कुळाच्या हातांत पडलेली रक्कम, असें तो धरून चालतो. वस्तुतः मनोती, बट्टा व कसर हीं आधींच कापून घेतलीं जात. कुळाच्या पदरांत पडे तें कमी. परंतु याहून मोठी गोम मुदतीच्या कायद्यांत होती. १८५९ च्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतु असा कीं, सावकारानें जुनीं खतें वर्षानुवर्षें दाबून ठेवूं नयेत. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत लिहून मागूं लागला, आणि मागील व्याज नव्या खतांत मुद्दल होऊन बसूं लागलें. उदाहरणार्थ, शंभर रुपयांचें खत दरमहा दोन रुपये शेंकडा व्याजानें लिहिलें, तर तीन वर्षांनीं तें १७२ चें होतें, आणि तेंच पुनः बदललें म्हणजे सहाव्या वर्षीं देणें २९५ च्या वर जातें. दामदुपटाचा आमचा जुना नियम शंभरावर दोनशेंहून अधिक देऊं देत नाहीं. पण येथें तो मोडल्याचें कागदावर कोठेंच दिसत नाहीं, कारण दुसऱ्या खतांत १७२ ही मुद्दलच आहे! धर्मशास्त्राचा नियम अक्षरशः पाळून पूर्णपणें बुडविण्याची ही युक्ति इंग्रजी कोर्टांनीं, कायदा जाणून पण व्यवहार न जाणून, मान्य केली.

पुढील हकीकत सुप्रसिद्ध आहे, ती थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाचे भाव चढले, पत वाढली, कर्ज वाढलें. पुढें भाव पडले, आणि इंदापूर तालुक्यापासून साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा चढला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें लोक उठले, आणि दंगा पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं व ५०१ जणांस शिक्षा झाल्या. आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, दंगेखोरांचा रोख बहुतेक ठिकाणीं माणसांवर नव्हता, ऐवजावरहि फारसा नव्हता. तो खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. खतें हवालीं केलीं कीं जमाव पुढें जाई; न केलीं तर घर किंवा कडब्याच्या गंजी पेटत. म्हणजे १८७५ च्या पूर्वीचीं त्या टापूंतील खतें आज दुर्मिळ कां, याचें एक कारण वाळवी व ओल यांहून निराळें आहे. जीं उरलीं आहेत त्यांस यामुळेंच अधिक किंमत आली पाहिजे.

दंग्याच्या आधीं याविषयीं कोणी बोललेंच नव्हतें असें मात्र नाहीं. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयींच्या तक्रारींतून ती निघाली, आणि गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्राण होते. सभेचा एक नियम फार अर्थपूर्ण होता : सभासद होणारानें निदान पन्नास प्रौढ माणसांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे. आरंभींचे ९५ सभासद सुमारें सहा हजार लोकांच्या सह्यांवर उभे होते. हीं मुखत्यारपत्रें जर कोठें गठ्ठ्यानें सांपडलीं, तर त्या काळच्या पेठेंतील व गांवांतील सामान्य उदमी मनुष्य कोणत्या गोष्टीसाठीं सही करावयास तयार होता, हें कळण्यास त्यांच्यासारखें साधन नाहीं. १८७२ सालीं सभेनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यास कमिटी नेमली, आणि १८७३ सालीं तिचा अहवाल पुढें आला. सुप्याचा वणवा पेटण्यास तेव्हां दोन वर्षें अवकाश होता.

सरकारी चौकशी झाली, तींत ऑकलंड कॉल्विन यानें साऱ्याच्या बोजाकडेहि बोट दाखविलें, आणि अखेर १८७९ चा १७ वा कायदा होऊन तो १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. रहाटणीचें कूळ व पुण्याचा पेढीवाला यांच्यांतील व्यवहार त्या दिवसापासून नव्या रीतीनें लिहिला जाऊं लागला. कायद्याचीं सर्व कलमें येथें देण्याचें कारण नाहीं, पण संशोधकाच्या दृष्टीनें दोन-तीन गोष्टी अत्यंत महत्त्वाच्या आहेत. बारावें कलम सांगतें कीं, कर्जाचा दावा पुढें आला असतां न्यायाधीशानें केवळ शेवटच्या खतावर न थांबतां उभय पक्षांतील व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, आणि तेरावें कलम सांगतें कीं मुद्दल व व्याज निरनिराळें मांडून चक्रवाढ टाळून हिशेब करावा. आम्हांस या कलमाचें नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. कायद्यानें जज्जास इतिहाससंशोधक केल्याचें असें दुसरें उदाहरण आमच्या स्मरणांत नाहीं. कागद पुढें असतांहि कागदाच्या मागें जा, असा हा हुकूम होता. त्याच कायद्यानें पैशाच्या हुकूमनाम्याकरितां शेतकऱ्यास कैद करणें बंद केलें. मुदत तीनांची सहा वर्षें, व नोंदलेल्या खतास बारा वर्षें केली. सावकारानें पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा असें ठरविलें. आणि कोर्टांत जाण्यापूर्वीं समेट घडविणारे गृहस्थ नेमण्याची तजवीज केली.

तिसरी गोष्ट ग्राम-रजिस्ट्रारची. शेतकऱ्याचें खत त्याच्या देखरेखीखालीं लिहिलें गेलें पाहिजे, मोबदला काय व कसा दिला तें स्पष्ट नमूद झालें पाहिजे, आणि जुन्या खताच्या पोटीं नवें होत असेल तर जुनें पुढें आलें पाहिजे, असा दंडक पडला. १८७९ पूर्वीचें व नंतरचें अशीं एकाच कुळाचीं दोन खतें शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत एक आंकडा व एक निशाणी. दुसऱ्यांत कर्जाची वंशावळ. सभेच्या त्रैमासिकांत, म्हणजे १८७८ पासून निघूं लागलेल्या इंग्रजी पत्रांत, महादेव गोविंद रानडे यांनीं या प्रश्नावर सतत लिहिलें. आणि पुढें याच कायद्याखालीं काम पाहण्यास त्यांचीच नेमणूक झाली. १८८१ पासून ते या कामांत होते, आणि १८८७ सालीं ते या कायद्याचे स्पेशल जज्ज झाले. गांवोगांव फिरून कोर्टांचीं दप्तरें तपासण्याच्या त्या फिरतीचें घरगुती चित्र रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींत पाहावयास मिळतें.

पण सावकारहि स्वस्थ बसला नाहीं, आणि येथें संग्राहकांनीं सावध असावें. गहाणखताच्या मागें जज्ज जातो असें दिसतांच कित्येक सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखतच मागूं लागले. पैसे फेडले म्हणजे जमीन परत देऊं, हें वचन तोंडीं. कागदावर कायमची विक्री. लेखी दस्ताविरुद्ध तोंडीं पुरावा घेतां येत नाहीं या पुराव्याच्या नियमाचा आश्रय त्यास होता. शेवटीं १९०७ सालीं १०-अ हें कलम घालून ती वाटहि बंद करावी लागली. म्हणून या चार जिल्ह्यांतील १८७९ ते १९०७ च्या दरम्यानचें, बाजारभावाहून फार कमी किंमतीचें, व विक्रीनंतरहि जमीन मूळ मालकाच्याच वहिवाटींत दाखविणारें खरेदीखत हातीं आलें तर तें विक्रीचें म्हणून यादींत चढविण्यापूर्वीं त्याच सालची खंडाची कबुलायत जवळपास आहे काय हें पाहावें. ती असेल तर बहुधा ती विक्री नसून वेष पालटलेलें गहाण होय. घराण्याच्या इतिहासांत ‘अमुक सालीं जमीन विकली’ असें आपण बिनदिक्कत लिहितों, तेथें पुष्कळदां ‘अमुक सालीं फसगत झाली’ असें लिहावयास हवें.

आतां दुसरें गाऱ्हाणें. रहाटणीच्या शिवारांत रान नव्हतें. परंतु पवना ज्या मावळच्या डोंगरांतून उतरते तेथील झाडी, गवत व लांकूड यांवर खालच्या गांवांचा उदीम चाले. लोहाराचा कोळसा, कुंभाराच्या आव्याचें जळण, बुरडाचा वेळू, धनगराचा चारा, गाडीवाल्याचें लांकूड, गुऱ्हाळाचें सरपण हें सर्व डोंगराकडून येई. जमाखर्चाच्या वहींत यांतील बराच भाग दिसत नाहीं, कारण तो विकत घेतलेला नसे, वहिवाटीनें मिळे. आमच्याकडे झाडांच्या रक्षणाची कल्पना इंग्रजांनीं आणली असें मानणारांनीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचें आरमाराचें प्रकरण पाहावें. १७१६ च्या त्या ग्रंथांत आरमारास लांकूड पाहिजे हें मान्य करूनहि रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, झाड एका-दोन वर्षांत होत नाहीं, तें लेंकरासारखें वाढविलेलें असतें, जीर्ण झाड घ्यावयाचें तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा दंडक सांगितला आहे. त्याच ग्रंथांत साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे, ही गोष्ट आमच्या विषयास सोडून नाहीं : झाड, रयत व व्यापार हीं अमात्यांच्या दृष्टीनें एकाच राज्यव्यवस्थेचीं अंगें होतीं.

१८७८ चा जंगलाचा कायदा निराळ्या पायावर उभा होता. एखादें रान राखीव करावयाचें ठरलें म्हणजे जाहीरनामा लागे. निदान तीन महिन्यांची मुदत मिळे. त्या मुदतींत ज्यानें आपला हक्क लेखी कळविला नाहीं किंवा समक्ष येऊन सांगितला नाहीं त्याचा हक्क सामान्यतः नाहींसा होई. वतनदाराची गोष्ट सोडा. त्याच्याकडे महजर असतो. ज्या धनगरानें पिढ्यान् पिढ्या एकाच टेंकडीवर मेंढरें नेलीं त्यानें कोणता कागद दाखवावा? सार्वजनिक सभेनें १८७८ च्या मार्चांत या मसुद्याविरुद्ध अर्ज केला, आणि तो केवळ नकाराचा नव्हता. रान राखलें पाहिजे हें सभेस मान्य होतें. तिचें म्हणणें असें कीं, गांवकऱ्यांस विश्वासांत घेऊन, जे आपलें रान राखतील किंवा नवीन झाडी लावतील त्यांस बक्षीस व शाबासकी दिली, तर गांवागांवांत चढाओढ लागेल आणि झाडी सरकारी दंडुक्यापेक्षां अधिक चांगली राहील. आज हें वाचतांना नवल वाटतें. सरकारास नाहीं वाटलें. कायदा तसाच झाला. पुढें ठाणें-कुलाबा भागांतील तक्रारींमुळें १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगलाविषयीं कमिशन बसवावें लागलें.

हेंच गाऱ्हाणें दुसऱ्या एका पुणेकरानें निराळ्या आवाजांत मांडलें. जोतीराव फुले यांनीं शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढें १८८२ च्या ऑक्टोबरांत जें निवेदन दिलें त्याखालीं स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, अशी दिली आहे. या ओळखींतील पहिला शब्द चरित्रकारांच्या हातून बहुधा निसटतो. फुले हे ओतकामाच्या साहित्याचे विक्रेते होते, बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याचें धरण व कात्रजचा बोगदा या कामांशीं त्यांचा धंद्याचा संबंध आला. म्हणून ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें जंगलखात्यावर आसूड उडतो तेव्हां तो केवळ सुधारकाचा नसतो. दगड, माती व पाणी यांचा हिशेब कळणाराचा असतो. गायरानें गांवास परत द्यावींत, डोंगरउताराला ताली व बंधारे घालून पावसाचें पाणी आधीं शेतांत मुरवावें व मग ओढ्यास जाऊं द्यावें, तळ्यांतील गाळ पूर्वीप्रमाणें शेतकऱ्यांस नेऊं द्यावा, या त्यांच्या सूचना; आणि त्याच ग्रंथांत सावकार व कचेरींतील कारकून यांच्या संगनमतानें खतें कशीं होतात त्याचें वर्णन. दोन्ही गाऱ्हाणीं एकाच बांधणींत.

या ग्रंथाच्या हस्तलिखिताचें नशीबहि सांगण्याजोगें आहे. १८८३ सालीं तो पुरा झाला. पहिलीं दोन प्रकरणें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’त आलीं, आणि पुढचीं छापण्याचें त्यांनीं थांबविलें. लेखकाच्या हयातींत तो ग्रंथरूपानें निघाला नाहीं. १९६९ सालच्या समग्र वाङ्मयांत तो सर्वांस सहज उपलब्ध झाला. स्वकीयांनींच न छापलेला मजकूर हस्तलिखितानें वांचविला, हें आमच्या वाचकांस वेगळें समजावून सांगावयास नको.

फुले व सभा यांचें पटत नव्हतें, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. सभेंत सरदार, वकील व पेढीवाले यांचा भरणा. शूद्रादि शेतकऱ्यांच्या नांवें बोलण्याचा तिचा अधिकार फुल्यांस मान्य नव्हता. हा आक्षेप निराधार म्हणतां येणार नाहीं. त्याची कसोटी १८८२ च्या शेतकी बँकेच्या योजनेंत लागते. सर विल्यम वेडरबर्न हा सिव्हिल सर्व्हंट व रानडे यांच्या प्रेरणेनें पुण्याचे पेढीवाले भांडवल घालावयास पुढें आले. प्रयोगाकरितां पुरंदर तालुका ठरला. जुनीं कर्जें हिशेब करून आधीं मिटवावयाचीं, आणि पुढें बँकेनें माफक व्याजानें द्यावयाचें. पेढीवाल्यांनीं स्वतःच माफक व्याजाचा आग्रह धरावा, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनींहि मोजली पाहिजे. परंतु त्यांची अट अशी होती कीं, वसुली महसुली अंमलदारांमार्फत, साऱ्याप्रमाणें व्हावी, आणि स्टांप व रजिस्ट्रेशनची फी माफ असावी. रिपनच्या कारकीर्दींत हिंदुस्थान सरकारानें १८८४ सालीं योजनेची शिफारस विलायतेस केली. स्टेट सेक्रेटरीनें ती नाकारली.

नकार योग्य होता काय? आमच्या मतें अयोग्य, पण निष्कारण नव्हे. माफक व्याजाचें कर्ज आणि मामलेदाराच्या शिपायाकडून वसुली ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या तर दुष्काळाच्या सालीं कुळास सावकारापेक्षां बँकच जड गेली असती. सावकार निदान थांबतो. तथापि हा दोष अटी बदलून काढतां आला असता. योजनाच मोडल्यानें पुरंदरच्या कुळास सावकाराशिवाय दुसरें दार राहिलें नाहीं. १८८३ व १८८४ च्या तगाईच्या कायद्यांनीं जें मिळालें तें गरजेच्या मानानें अपुरें होतें. रानड्यांनीं मात्र विषय सोडला नाहीं. पुण्यास १८९० पासून औद्योगिक परिषद भरूं लागली, तींत १८९१ सालीं त्यांनीं स्थावर तारणावरील पतीच्या पुनर्रचनेवर निबंध वाचला, आणि युरोपांतील जमीन-पेढ्यांचा दाखला देऊन शेतकरी व कारागीर दोघांच्याहि भांडवलाचा प्रश्न मांडला.

पुढचा धागा आमच्या मर्यादेबाहेरचा आहे, म्हणून नुसता दाखवितों. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, १९०६ सालीं पुण्यांत कॉसमॉस पेढी निघाली, १९३४ सालीं आ. रा. भट यांच्या खटपटीनें मराठा चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झालें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, १९६२ नंतर औद्योगिक वसाहत वाढली, आणि पवनेच्या कांठचा उदमी मनुष्य बलुतेदाराचा कारखानदार झाला. पाण्याच्या शुद्धीचा कायदा १९७४ चा. त्याचा इतिहास लिहिणारास छापील अहवालांचा तुटवडा पडणार नाहीं. १८७० च्या माणसाचें तसें नाहीं.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. पवनेच्या किंवा भीमेच्या खोऱ्यांतील घरची पेटी पाहण्याचा योग आला असतां कर्जाचे कागद सुटे करूं नयेत. ज्या दोऱ्यानें बांधले असतील त्या क्रमानेंच ठेवावेत, कारण एका खतापासून दुसरें कसें निघालें हें त्या क्रमावरूनच कळतें. खताची पाठ उतरून घ्यावी. भरणा पाठीवर लिहिलेला असतो, आणि नकलनवीस पाठ सोडून देतात. वाण्याच्या वहींतील जळण, कोळसा, वैरण व चराई यांच्या रकमा ज्या सालापासून प्रथम दिसूं लागतात तें साल टिपावें. त्या सालापूर्वीं त्या वस्तु लागत नव्हत्या असें नव्हे. त्या सालापासून त्यांना पैसे पडूं लागले. आणि मोडीची धाटी शिकस्त आहे एवढ्या कारणावरून कोणताहि गठ्ठा परत करूं नये. खेड्यांतील वाण्याचें अक्षर दोन दिवसांत ओळखीचें होतें.